गोळी, जेल आणि मेंदूचा रक्तपुरवठा

सारसबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या बायकांमध्ये पाळी जाण्याचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "हॉर्मोन घेऊ नका हो, अर्धांगवायू होतो." ही भीती उगाच नाही. तिचं मूळ मात्र एका गोळीत आहे.

पाळी जाताना अंगात इस्ट्रोजेन हे स्त्री-हॉर्मोन कमी होतं, ते बाहेरून देतात. गाभण घोडीच्या मूत्रापासून काढलेली प्रेमारिन ही त्याची गोळी अमेरिकेत १९४२ साली आली. पोटात घेतलेलं हॉर्मोन अंगभर पसरण्याआधी यकृतातून जातं. तिथे रक्त गोठवणारी प्रथिनं जास्त तयार होऊ लागतात. त्वचेवाटे दिलेलं हॉर्मोन थेट रक्तात उतरतं. एरवी इस्ट्रोजेन रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडायला लावतं, त्याने वाहिन्या सैलावतात. वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे १५ टक्के वाटा घेतो. तिथे एवढीशी गुठळी अडकली तरी वाचा जाऊ शकते.

त्वचेवर चिकटवायची हॉर्मोनची पट्टी अमेरिकेत १९८६ पासून मिळत होती. तरीही २००२ साली थांबवलेल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाच्या चाचणीत १६,६०८ बायकांना गोळीच दिली होती, खरी किंवा नकली. त्यांचं सरासरी वय ६३. वर्षाला १०,००० बायकांमागे पक्षाघाताचे झटके नकली गोळीवाल्यांत २१, तर खरी गोळी घेणाऱ्यांत २९ होते. आपल्यापर्यंत बातमी पोचेतो 'गोळी' आणि '६३' गळून पडले, 'हॉर्मोन' तेवढं उरलं. याची मला मनापासून खंत वाटते, कारण इथे बऱ्याच जणींची पाळी पंचेचाळिशी-सत्तेचाळिशीतच जाते.

२००३ साली फ्रान्समधल्या अभ्यासात शिरांतल्या गुठळ्यांचा धोका गोळी घेणाऱ्यांत साडेतीन पट दिसला, पट्टीवाल्यांत वाढलेला दिसला नाही. २०१० साली ब्रिटनमधल्या नोंदींत दिवसाला ५० मायक्रोग्रॅमपर्यंत इस्ट्रोजेन सोडणाऱ्या पट्टीने पक्षाघात वाढलेला आढळला नाही. त्याहून जास्त मात्रेने मात्र वाढला. म्हणजे पट्टी लावली की कितीही चालतं, असं मुळीच नाही.

माझ्या ताईने गोळीऐवजी त्वचेवर लावायचं इस्ट्रोजेनचं जेल घेतलं. त्याआधी पट्टी लावायची, पण एप्रिलच्या घामात पट्टीचे कोपरे सुटायचे. आता आंघोळीनंतर दंडावर जेल पसरते आणि ते वाळेपर्यंत ब्लाउज न चढवता पंख्याखाली बसून राहते. गर्भपिशवी आहे, म्हणून तिच्या अस्तराला जपायला रात्री प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-हॉर्मोनची कॅप्सूलही घेते. बी.पी. डॉक्टरांनी आधीच तपासलं होतं, घरात कुणाला झटका आला होता का तेही विचारलं होतं.