नर्सरीतून आणलेला फायकस पानं का टाकतो?

पावसाळी वाऱ्यात आंब्याची फांदी मोडून लटकली, तर तिची पानं वाळून तपकिरी होतात, पण कित्येक दिवस फांदीला धरून राहतात. पान गाळायला फांदी जिवंत असावी लागते. घरी आणल्यावर आठ-दहा दिवसांत फायकस बेंजामिना या शोभेच्या झाडाने हिरव्या पानांचा सडा घातला, तर आधी एवढं आठवावं.

पडलेलं पान उचलून देठाचं टोक बघा. हाताने खुडलेल्या पानातून पांढरा चीक ठिबकतो; आपणहून गळालेल्याचं टोक गुळगुळीत, कोरडं असतं. देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ आडवा थर असतो. पान नीट काम करतंय तोवर त्यातून ऑक्झिन हे संप्रेरक देठात उतरत राहतं आणि हा थर गप्प बसतो. ऑक्झिनचा ओघ आटला की तोच थर इथिलीन वायूला दाद देऊ लागतो. मग विकरं (एन्झाइम) पेशींना जोडणारं पेक्टिन विरघळवतात आणि पान स्वतःच्याच वजनाने सुटतं. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या शहरांत दिव्यांच्या गॅसचे नळ गळत, तिथली झाडं अवेळी बोडकी व्हायची. त्या गॅसमधला झाडांवर परिणाम करणारा घटक इथिलीन आहे, हे रशियात दिमित्री नेल्युबोव यांनी मटाराच्या रोपांवर प्रयोग करून १९०१ मध्ये दाखवलं. पिकणारी केळीही हाच वायू सोडतात, तेव्हा फळांची टोपली कुंडीशेजारी नको.

फायकसच्या बाबतीत बहुतेक वेळा कारण उजेडाचं असतं. नर्सरीत झाड उघड्यावर किंवा हिरव्या जाळीखाली वाढलेलं असतं. भर दुपारचं ऊन साधारण एक लाख लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक), आणि दिवाणखान्याचा कोपरा जेमतेम शंभर-दोनशे. आपले डोळे हा फरक लपवतात. मोबाइलवर लक्स मोजणारं अ‍ॅप घेऊन बघा, चक्रावून जाल. उन्हात घडलेली पानं जाड असतात आणि त्यांना पोसायचा खर्चही मोठा. कोपऱ्यातल्या उजेडात तो भागत नाही, म्हणून झाड ती टाकतं आणि सावलीला साजेशी पातळ पानं काढतं.

हा धक्का टप्प्याटप्प्याने द्यावा. पहिले दहा दिवस गॅलरीत, उन्हाच्या आड पण उजेडात. पुढचे दहा दिवस खिडकीपासून दोन फुटांच्या आत. मग कायमची जागा, जिथे दुपारी निदान हजार लक्स मिळतात. त्यानंतर ‘इथे जरा बरं दिसतंय’ म्हणून कुंडी सरकवू नका. एसीचा झोत थेट अंगावर येणारी जागाही टाळा.

खरं नुकसान मात्र पानं गळायला लागल्यावर होतं, कारण हात पाण्याच्या झारीकडे जातो. पानं कमी झालेलं झाड पाणीही कमी ओढतं. माती चिंब राहिली की मुळांना प्राणवायू मिळत नाही. अशा गुदमरलेल्या मुळांत इथिलीनचा कच्चा माल साचतो. तो पुढे इथिलीन व्हायला प्राणवायू लागतो आणि मुळांपाशी तर तोच नसतो. म्हणून तो रसाबरोबर वर चढतो आणि पानांत जाऊन इथिलीन होतो. पाणी बुडाशी तुंबतं आणि पानं शेंड्याची गळतात, ती अशी.

बोट दोन इंच मातीत खुपसा. तिथे कोरडं लागलं तरच पाणी, आणि तेही कुंडीच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. ताटलीत साचलेलं अर्ध्या तासात ओतून द्या. उन्हाळ्यातली पाण्याची सवय पावसाळ्यात तशीच चालू ठेवणं ही आपल्याकडची नेहमीची चूक.

उलटी गोम नर्सरीच्या मातीत असते. मुळांभोवती चिकण लाल मातीचा घट्ट गोळा असेल, तर पाणी गोळ्याच्या कडेने खाली पळतं. वरची माती ओली दिसते आणि आतली मुळं तहानलेली राहतात. बुडबुडे थांबेपर्यंत कुंडी बादलीत बुडवा, साधारण वीस-तीस मिनिटं, आणि मग पुरती निथळू द्या. कुंडी बदलायची घाई नको, महिनाभर थांबा. अपवाद मुळं कुजल्याचा: मातीला कुबट वास येत असेल आणि मूळ बोटात धरल्यावर त्याची साल निसटत असेल, तर तपकिरी मुळं कापून लगेच नव्या मातीत लावा. दोन भाग माती, आणि गांडूळखत, भिजवून पिळलेलं कोकोपीट व जाड वाळू प्रत्येकी एक भाग.

पानांवर चिकट थेंब दिसले तर देठांवर खवले कीड शोधा. लिटरभर पाण्यात पाच मिली नीमतेल आणि थोडा द्रव साबण घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. आतल्या बाजूची चार-दोन जुनी पानं पिवळी होऊन पडली, तर ती सोडून द्या.

झाड पार बोडकं झालं तरी फेकू नका. फांदीची साल नखाने खरवडा. खाली हिरवं दिसलं तर ती जिवंत आहे. अशा वेळी खत देऊ नका. चार-आठ आठवड्यांत फूट येते. नवी पानं घरच्या उजेडावर बेतलेली असतात, त्यामुळे कुंडी परत एकदम उन्हात ठेवली तर तीच आधी करपतील.