भाजी, फुलण्याआधीची

ग्रीसच्या क्रीट बेटावर पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. आपल्या रानभाज्या मृगाच्या सरींनंतर वर येतात, तर तिथल्या ऑलिव्हच्या बागांत हीच लगबग ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पहिल्या पावसानंतर सुरू होते. ऑलिव्हचे झाड सदाहरित असले तरी त्याची पाने अरुंद असतात आणि झाडे अंतर राखून लावलेली असतात, त्यामुळे ऊन जमिनीपर्यंत पोचते. फळांची तोडणी होऊन झाडांखालच्या जाळ्या उचलल्या गेल्या की मार्चपर्यंत तिथे तांबड्या पॉपी आणि जांभळ्या-लाल अ‍ॅनिमोनी फुललेल्या दिसतात. मे महिन्यात ओल आटते. तोवर वर्षायू वनस्पती बी टाकून मरतात आणि कंदवर्गीय जमिनीखाली निद्रिस्त होतात.

गावकऱ्यांची नजर मात्र फुलांच्या आधीच्या अवस्थेवर असते. रानटी चिकोरी हिवाळाभर दांडा न उभारता पानांचे चक्र जमिनीलगत पसरून बसते. भाजी खुडणारी बाई सुरीचे टोक तिरके मातीत घालून, पाने मुळाला जिथे जुळतात तिथेच काप देते, म्हणजे पाने सुटी न होता जुडी अखंड हाती येते. कापल्या जागी पांढरा चीक पाझरतो. त्यातील कडू द्रव्ये पाने खाणाऱ्या प्राण्यांना दूर ठेवण्यासाठी असतात. फुलाचा दांडा वर आला की पाने अधिक कडू आणि राठ होतात, म्हणून खुडण्याचा काळ थोडाच असतो. अशा मिश्र पाल्याला तिथे ‘खोर्ता’ म्हणतात. तो उकडून, निथळून, वर ऑलिव्हचे तेल आणि लिंबू घालून खातात. फोडणी नाही, मसाला नाही. आपल्याला हे अळणी वाटेल, पण कडू चवीला तेल आणि आंबट यांची जोड उत्तम बसते.

पाहुणे ज्याचे सर्वाधिक फोटो काढतात तो पिवळा गालिचा मात्र मुळात तिथला नाहीच. ही दक्षिण आफ्रिकेतून आलेली, आपल्या आंबुशीच्याच प्रजातीतील वनस्पती असून तिची पाने तशीच तीन दलांची आणि ऑक्झॅलिक आम्लामुळे आंबट असतात. भूमध्य प्रदेशात तिला बी क्वचितच धरते. ती पसरते ती मातीतल्या बारीक कंदिकांनी. म्हणजे तण काढायला नांगर फिरवणारा शेतकरीच या कंदिका बागभर पेरत असतो.

बागेच्या कडेला, दगडी बांधापाशी, शतावरीची रानटी भावंडे वाढतात. वसंतात त्यांचे कोवळे कोंब खुडून अंड्यात परततात. न खुडलेला कोंब लवकरच फांद्या फोडतो आणि बोटांना टोचू लागतो.