जाम इंजिन सोडवणं (जुना ट्रॅक्टर)

जुना ट्रॅक्टर दुरुस्त करून पुन्हा उभा करायला काढला आणि इंजिन हातानं फिरतच नसेल, तर आतले पकडलेले भाग न मोडता मोकळे करायचं जे काम असतं त्याला गॅरेजच्या भाषेत जाम सोडवणं म्हणतात. पिस्टन, वॉल्व, नोझल (डिझेलचा फवारा मारणारी), डिझेल पंप, हेडचे (इंजिनाच्या वरच्या झाकणाचे) स्टड, म्हणजे बिनमुंडक्याचे बोल्ट, यातलं काहीही पकडलेलं असू शकतं. पिस्टनचं नाव सगळ्यात आधी घेतात, पण दर वेळी दोष त्याचा नसतो.

नाशिक भागात असे ट्रॅक्टर भरपूर सापडतात. निफाड, दिंडोरीकडे द्राक्षबागेत ब्लोअर ओढायला नवा छोटा ट्रॅक्टर आला की जुनी मॅसी नाहीतर एचएमटी शेडमागे जाते आणि तिथेच दोन-चार पावसाळे काढते. सायलेन्सर उभा, त्यावर डबा पालथा घालायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. बंद इंजिनात कुठल्यातरी सिलेंडरचा एक्झॉस्ट वॉल्व उघडाच राहिलेला असतो, पाणी नेमकं तिथून आत उतरतं, म्हणून बऱ्याचदा सगळं इंजिन नाही तर एकच पिस्टन गच्च पकडलेला निघतो. हेड गॅस्केट गेलेली असेल तर रेडिएटरचं पाणीसुद्धा हेच करतं. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, त्यामुळे पिस्टनची रिंग आणि लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी, यांच्यामधली फट भरून जाते आणि पाचर मारल्यासारखं होतं. पाणी किंवा ऑइल संपून गरम होऊन सीझ झालेलं इंजिन वेगळं, त्यात ॲल्युमिनियम वितळून लायनरला चिकटलेलं असतं, तिथे तेल मुरवून फार काही हाती लागत नाही, सरळ पिस्टन-लायनर बदलायच्या तयारीनंच उघडायचं.

आधी जाम कुठे आहे ते शोधायचं. गिअर न्यूट्रल आहे ना, स्टार्टरचं पिनियन फ्लायव्हीलच्या रिंगेत अडकलंय का, तेही बघायचं (हसू नका, असं होतं). मग सगळ्या नोझल काढायच्या, कारण सिलेंडरमध्ये पाणी साठलेलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि जोर लावला की कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल पंपही सोडवून बाजूला, जुनं डिझेल आत डिंकासारखं होऊन तोच पकडलेला असू शकतो. तरी फिरत नाही तर हेड आणि चेंबर (खालचं ऑइलचं भांडं) उतरवून कनेक्टिंग रॉडच्या क्रँकवरच्या कॅप एकेक करून सोडायच्या, जी कॅप सोडल्यावर क्रँक फिरली तोच पिस्टन चोर.

आता मुरवणं. डिझेल, जुन्या मिस्त्रींचं रॉकेल, किंवा पॉवर स्टिअरिंगचं लाल तेल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं, हे पिस्टनवर ओतून ठेवायचं. ॲसिटोन पातळ असल्यानं आत शिरायला मदत करतं पण उडूनही जातं, म्हणून रोज थोडं वाढवायचं, आणि हे आत असताना गॅसची टॉर्च जवळसुद्धा आणायची नाही, भडका उडेल. किती दिवस? काही दोन दिवसात सुटतात, काही महिना घेतात. माझ्या मते निम्मी इंजिनं इथेच खराब होतात, कारण मालकाला छाटणीच्या आधी ट्रॅक्टर हवा असतो.

ठोकायचंच असेल तर बोअरपेक्षा, म्हणजे सिलेंडरच्या भोकापेक्षा, किंचित लहान बाभळीचा गोल ठोकळा घ्यायचा, तो पिस्टनच्या कडेवर टेकला पाहिजे, मधल्या खळग्यावर नाही. एक जोरदार घण घालण्यापेक्षा बारीक बारीक ठोके बरे, हादऱ्यानं गंज तुटतो आणि तेल आत सरकतं. आधी केसभर खाली, मग वर, पुन्हा खाली. वर काढायच्या आधी बोअरच्या तोंडाशी जमलेला कार्बन आणि गंज घासून टाकायचा, नाहीतर रिंगा तिथे अडून तुटतात.

उष्णतेचा हिशोबही लक्षात ठेवावा. 100 मिमीचा पिस्टन 100 अंशानं तापला तर ॲल्युमिनियम साधारण 0.23 मिमी फुगतं, बीड (ओतीव लोखंड) 0.11 च्या आसपास. म्हणजे पिस्टनवर टॉर्च धरली तर तो अजून घट्ट बसतो, पण थंड होताना सैल पडतो, तेव्हा तेल घालायचं. उलट वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे सिलेंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत, गरम पाणी फिरवलं तर ब्लॉक आधी फुगतो. तापलेल्या बीडावर गार पाणी मात्र कधीच नाही, तडा जातो.

लायनर ओला असेल, म्हणजे बाहेरून पाणी लागणारा, जसा झेटर या परदेशी ट्रॅक्टरच्या धाटणीच्या एचएमटीत असतो, तर भांडत बसायची गरज नाही, कॅप सोडून लायनर पुलरनं पिस्टनसकट वर ओढायचा आणि बाहेर प्रेसखाली घ्यायचा. आणि दुसऱ्या ट्रॅक्टरला दोर बांधून, गिअरमध्ये टाकून ओढणं, हा बांधाबांधावरचा आवडता उपाय, यात रॉड वाकलेले, टायमिंगचे गिअर तुटलेले निघतात.

स्टड आणि बोल्टला एकच रीत, थोडं सोडा थोडं आवळा, एकाच दिशेनं पिळलं की मुंडकं हातात येतं. तुटलाच तर वर नट ठेवून नटाच्या भोकातून वेल्डिंग करायचं, त्या उष्णतेनंच अर्धं काम होतं.

नोझल हे वेगळं प्रकरण. नाशिकच्या सातपूरला मायको कंपनीचा कारखाना, आताचा बॉश, तिथे इंजेक्टर आणि नोझल बनत आल्यात, मायको सर्कल हे नाव त्याचंच. पण नोझल कितीही चांगली असली तरी हेडमध्ये कार्बन धरून बसली की स्क्रू ड्रायव्हरनं उचकटायची नाही, तेल मुरवून डावी-उजवी हलवायची, नाहीतर सरकत्या वजनाच्या पुलरनं सरळ वर झटके द्यायचे. बाहेर आली की तांब्याचा वायसर खाली भोकातच राहिलाय का ते बॅटरी मारून बघा, त्याच्यावर दुसरा बसला तर नोझल उंच राहते आणि डिझेलचा फवारा पिस्टनच्या खळग्यात जिथे पडायला हवा तिथे पडत नाही.