प्रोमोतोरा: शेजारणीच्या दारातून मोबाइलच्या पडद्यावर

अमेरिकेतल्या स्पॅनिश बोलणाऱ्या वस्त्यांमध्ये घरोघर जाऊन आरोग्याचं काम करणाऱ्या बाईला प्रोमोतोरा म्हणतात. ती डॉक्टर नसते, नर्सही नसते. त्याच गल्लीत राहते, तीच भाषा बोलते, म्हणूनच लोक तिला घरात घेतात. तिच्या प्रशिक्षणाचा मोठा भाग आता ऑनलाइन होतो. त्यात काय साधलं आणि काय निसटलं हे समजून घ्यायचं तर हे काम आलं कुठून, तिथून सुरुवात करावी लागते.

मूळ लॅटिन अमेरिकेत आहे. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरे यांनी 1960 च्या दशकात प्रौढांना साक्षर करताना एक पद्धत रुजवली: शिकवणाऱ्यानं उत्तरं ओतायची नाहीत, शिकणाऱ्याच्या रोजच्या जगण्यातून प्रश्न काढायचे आणि दोघांनी मिळून उत्तर शोधायचं. खेड्यापाड्यांतल्या आरोग्यसेविकांच्या शिक्षणात ही पद्धत मुरली. त्याच सुमारास, 1970 मध्ये आपल्या जामखेडला काम सुरू केलेलं डॉक्टर दाम्पत्य, रजनीकांत आणि मेबल आरोळे, गावातल्याच गरीब, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्याचं काम शिकवू लागले. जागतिक आरोग्य संघटनेनं 1975 मध्ये अशा प्रयोगांचा एक संग्रह काढला. त्यात जामखेड आहे आणि ग्वाटेमालातलं चिमाल्तेनांगोही. पुढे अल्मा-आटा इथल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेच्या 1978 च्या जाहीरनाम्यानं प्राथमिक आरोग्यसेवेत या कार्यकर्त्यांना अधिकृत जागा दिली.

अमेरिकेत ही वाट शेतमजुरांच्या छावण्यांतून आली. स्थलांतरित शेतमजुरांच्या दवाखान्यांसाठी 1962 मध्ये कायदा झाला खरा, पण पिकामागे फिरणारी कुटुंबं दवाखान्यापर्यंत पोचत नव्हती. म्हणून 1980 च्या दशकात छावणीतल्याच बायकांना तयार करायला सुरुवात झाली. त्यानंतर 1994 मध्ये केंद्रीय हृदयरोग संस्थेनं वॉशिंग्टन परिसरात लॅटिनो कुटुंबांसाठी हृदयाच्या आरोग्याचा स्पॅनिश कार्यक्रम सुरू केला आणि त्यातून प्रोमोतोरांसाठी पाठांची पुस्तिका तयार झाली. ॲरिझोना-मेक्सिको सीमेवरच्या ‘पासोस आदेलांते’ (‘पुढे पावलं’) या बारा आठवड्यांच्या कार्यक्रमानं तिला चालण्याच्या गटांची जोड दिली. बायका पाठ ऐकून घरी जात नसत, एकत्र चालत. ही भर फार मोलाची होती.

2002 मध्ये मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. 3,234 लोकांच्या या अभ्यासात वजन 7 टक्के कमी करणं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करणं, एवढंच उद्दिष्ट ठेवलेल्या गटात मधुमेहाचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. प्रोमोतोराचं काम यानं बदललं. आता माहितीपत्रक वाटून भागणार नव्हतं, एकाच बाईबरोबर महिनोन्‌महिने सवयींवर काम करायचं होतं. त्यासाठी बोलण्याचं कौशल्य लागतं: खुला प्रश्न विचारणं, जमलेल्या गोष्टीची दखल घेणं, समोरचीचं म्हणणं आपल्या शब्दांत परत मांडणं, शेवटी सारांश काढणं.

प्रशिक्षणाचे तासही याच काळात ठरले. टेक्सासनं 1999 मध्ये यासाठी समिती नेमली, 2001 च्या कायद्यानं पगारी प्रोमोतोरांना प्रमाणपत्र सक्तीचं केलं. त्यासाठी 160 तासांचं प्रशिक्षण ठरलं. 160 तास म्हणजे पूर्णवेळ चार आठवडे. दिवसा दुसऱ्यांची घरं साफ करणाऱ्या, घरी लहान मुलं असलेल्या आणि वर्गापासून तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्या बाईनं ते कुठून काढायचे? ऑनलाइन शिक्षणाची गरज या अडचणीतून निर्माण झाली. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या केंद्रानं ऑनलाइन आणि मिश्र (काही ऑनलाइन, काही समोरासमोर) वर्ग चालवले. केंद्रीय आरोग्य खात्यानं 2011 मध्ये प्रोमोतोरांसाठी उपक्रम जाहीर केला, मग इंग्रजी-स्पॅनिश ई-शिक्षणही मोफत उपलब्ध केलं. 2020 च्या साथीत उरलेले वर्गही झूमवर गेले.

ऑनलाइन शिक्षण फसतं ते नेमकं करून बघण्याच्या जागी. 355 मिलिलिटर कोलाच्या कॅनमध्ये सुमारे 39 ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळजवळ 10 छोटे चमचे. वर्गात प्रत्येक बाई ती स्वतः मोजून पारदर्शक ग्लासात टाकते, सातव्या-आठव्या चमच्याला हात थबकतो. हेच व्हिडिओत नुसतं पाहिलेली बाई आकडा पाठ करते आणि दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात गेल्यावर विसरते. म्हणून चांगल्या अभ्यासक्रमात ती स्वतः करून दाखवते आणि दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवते. रक्तदाबाचंही तसंच. पाच मिनिटं शांत बसवणं, पाठीला आधार, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर आणि दंड हृदयाच्या उंचीला, हे सगळं ऐकून कळतं. पण जाड दंडाला लहान पट्टा बांधला की दाब खोटा वाढलेला दिसतो, आणि ही चूक कॅमेऱ्यातून सहज सुटते. हा भाग समोरासमोरच घ्यावा.

दुसरी चूक भाषांतराची. इंग्रजी पाठ शब्दशः स्पॅनिशमध्ये आणला की ताटात गव्हाचा ब्रेड आणि ब्रोकोली येते, तर घरात मक्याच्या तोर्तिया (पातळ भाकऱ्या) आणि राजमा असतो. सहा इंची मक्याची एक तोर्तिया म्हणजे साधारण 15 ग्रॅम कर्बोदकं, हे सांगितलं की बाई लगेच हिशोब करू लागते. मेक्सिकन कुटुंबांत ‘इन्सुलिननं डोळे जातात’ ही भीती खोलवर असते. इन्सुलिन बहुतेकदा आजार बळावल्यावर सुरू होतं, डोळ्यांना इजा तोवर झालेली असते, आणि दोष सुईवर येतो. ‘हे खोटं आहे’ म्हटलं की बोलणं तिथेच संपतं. ‘तुम्ही असं कुणाच्या बाबतीत पाहिलंत?’ असं विचारलं तर ती मावशीचं किंवा वडिलांचं सांगू लागते. हा संवाद बहुपर्यायी चाचणीतून येत नाही. झूमवर दोघी-दोघींच्या खोल्या करून दहा-दहा मिनिटं सराव द्यावा लागतो, प्रशिक्षकानं प्रत्येक खोलीत जाऊन ऐकावं लागतं. एका वर्गात 12-15 जणींपेक्षा जास्त घेतल्या की हे जमत नाही.

वेळ आणि साधनांचंही पाहावं लागतं. घरात एकच मोबाइल, डेटा मोजका. दहा मिनिटांचे, डाउनलोड करून ठेवता येणारे तुकडे चालतात, तासाभराचं व्याख्यान अर्ध्यात तुटतं.

टेक्सासमध्ये प्रमाणपत्राचं नूतनीकरण दोन वर्षांनी, 20 तासांच्या शिक्षणावर होतं. ऑनलाइन पद्धत सगळ्यात चपखल बसते ती इथे, कारण या बायकांनी पट्टा शेकडो दंडांना बांधलेला असतो.