यूसीपी-१ जनुक : सस्तन प्राण्यांमधील तुलना

तंतुकणिकेच्या (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या) आतील पटलातून एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू), एडीपी (ऊर्जा खर्च झाल्यावर उरणारे त्याचे रूप), फॉस्फेट यांची ने-आण वाहक प्रथिने करतात. त्यांचे सर्वांत मोठे कुल एसएलसी२५ होय आणि यूसीपी-१ याच कुलातले आहे. माणसात या कुलाची ५३ जनुके असून ती तंतुकणिकेच्या नव्हे, तर पेशीकेंद्रकाच्या डीएनएमध्ये असतात. सुमारे १०० अमिनो आम्लांचा साचा प्रत्येक प्रथिनात तीनदा येतो. त्यामुळे कुल चटकन ओळखू येते, पण दोन जातींत नेमके तेच जनुक कोणते, हे ठरवताना घोटाळा होतो. अशा वेळी जनुकाचा शेजार पाहावा लागतो. यूसीपी-१ हे टीबीसी१डी९ आणि ईएलएमओडी२ या दोन जनुकांच्या मध्ये असते; त्या जागी त्याचे अवशेष सापडले तरी ओळख पटायला पुरतात.

तपकिरी मेदपेशींतील यूसीपी-१ आतील पटलाबाहेर ढकललेल्या प्रोटॉनांना (हायड्रोजनच्या धनभारित कणांना) एटीपी न बनवताच आत परतू देते आणि ती ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. मानवी अर्भक आणि उंदीर यांना ऊब मिळते ती अशी.

डुकरात मात्र या जनुकाचे ३ ते ५ क्रमांकांचे एक्झॉन (प्रथिनाची माहिती असलेले जनुकाचे तुकडे) गळालेले आहेत. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ही हानी सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीची आहे. डुकराचे नवजात पिल्लू कुडकुडूनच अंग तापवते आणि रानडुकरीण विण्याआधी गवत-काटक्यांचे घरटे रचते, या दोन्ही गोष्टींचा उलगडा यातून होतो. २०१७ मध्ये चीनमधील संशोधकांनी उंदराचे यूसीपी-१ डुकरात घातले. ती डुकरे थंडीत अधिक तग धरू लागली आणि त्यांच्या अंगावरची चरबीही घटली.

घोडा, हत्ती, देवमासे, खवले मांजर, स्लॉथ यांच्यातही हे जनुक निकामी आहे. या वंशांतील बिघाड वेगवेगळे असल्याने ते स्वतंत्रपणे घडले, असे मानावे लागते. मोठ्या देहाला ऊब टिकवणे सोपे जाते, हे स्पष्टीकरण हत्तीला लागू पडते. खवले मांजराला नाही. त्याचा मंद चयापचय हे अधिक पटणारे कारण वाटते.

बिघाडाचा काळ काढण्यासाठी अमिनो आम्ल बदलणारे आणि न बदलणारे डीएनए-बदल यांचे गुणोत्तर मोजतात. कार्यरत जनुकात ते १ पेक्षा बरेच कमी असते. जनुक निकामी झाले की १ कडे सरकते.

वैद्यकीय संशोधनात ही तुलना दुर्लक्षून चालत नाही. माणसात एडीपी-एटीपी वाहकाची चार जनुके आहेत, उंदरात तीनच; एसएलसी२५ए६ त्याच्याकडे नाही. त्यामुळे या वाहकांविषयी उंदरावर मिळालेला निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही.