१९.५९ अंश आणि १९ अंश ५९ मिनिटं : टिंब एकच, पण नाशिक थेट ठाणे जिल्ह्यात

नाशिक शहराचा एक बिंदू घेऊ, त्याचे अक्षांश-रेखांश अंश (°), मिनिटं (′) आणि सेकंदांत (″): १९° ५९′ ५१″ उत्तर, ७३° ४७′ २३″ पूर्व. मोबाईलचा नकाशा हाच बिंदू दशांश अंशांत, १९.९९७५, ७३.७८९७ असा दाखवतो. जागा तीच, लिहिण्याच्या तऱ्हा दोन. गडबड होते ती पहिल्या तऱ्हेतले आकडे उचलून दुसऱ्या तऱ्हेच्या टिंबामागे बसवले की. १९.५९५१, ७३.४७२३ असं टाकून बघा: बिंदू सुमारे ४४ किलोमीटर दक्षिणेला आणि ३३ किलोमीटर पश्चिमेला सरकतो, घाट उतरून कसाऱ्याच्या खाली जातो.

दोष सवयीचा आहे. सातबाऱ्यावर १.२० म्हणजे १ हेक्टर २० आर. १०० आरचा हेक्टर, त्यामुळे तिथलं टिंब खरं बोलतं. एसटीच्या वेळापत्रकातलं ५.३० मात्र साडेपाच असतं, म्हणजे दशांशात ५.५. कोनाचं गणित एसटीसारखं: ६० मिनिटांचा अंश, ६० सेकंदांचं मिनिट. (पंचांगवाले यांनाच कला आणि विकला म्हणतात. नाव म्हणून तेच बरं, निदान घड्याळाशी घोळ होत नाही.) भारतीय प्रमाणवेळेचं रेखावृत्त ८२° ३०′, म्हणजे ८२.५, ते ८२.३० लिहिलेलं सर्रास दिसतं.

दशांशात आणताना मागून सुरुवात करा. ५१ सेकंद ÷ ६० = ०.८५. त्यात ५९ मिनिटं मिळवली की ५९.८५. त्याला पुन्हा ६० ने भागलं की ०.९९७५. पुढे १९ जोडा, झालं. उलट जाताना टिंबानंतरचाच भाग ६० ने गुणायचा: ०.९९७५ × ६० = ५९.८५, म्हणून ५९ मिनिटं, उरलेले ०.८५ × ६० = ५१ सेकंद. सेकंद पूर्णांकात आणताना ६० झाले तर ते तसेच ठेवू नका, एक मिनिट हातचा द्या.

मधली एक तिसरी तऱ्हाही आहे, १९° ५९.८५′. जीपीएस यंत्रांत ती दिसते आणि घाईत तिलाच दशांश अंश समजलं जातं. अंशाची खूण कुठे आहे ते पाहा.

दुसऱ्याकडून आलेली यादी तपासायची असेल तर टिंबानंतरचे पहिले दोन आकडे बघा. शंभरेक विखुरलेल्या बिंदूंत एकही ५९ च्या वर जात नसेल, तर ती मिनिटंच आहेत, कुणीतरी टिंब घुसडलंय. सगळे बिंदू एकाच शिवारातले असतील तर ही खूण चालत नाही; तिथे एक बिंदू नकाशावर टाकूनच बघावा लागतो.

किती आकडे ठेवायचे? एक सेकंद म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे ३१ मीटर, दशांशातला चौथा आकडा म्हणजे सुमारे ११ मीटर. द्राक्षबागेतली बोअरवेल दाखवायला पाच आकडे पुरतात. बांधाच्या वादाला मोबाईलचे आठ आकडेही कामाचे नाहीत, कारण मोबाईलचा जीपीएसच काही मीटर इकडेतिकडे असतो.