‘कूलर’ एवढेच लिहून का भागत नाही?

माझ्या मोबाइलमधल्या कामांच्या यादीत मार्चच्या पहिल्या आठवड्यात ‘कूलर’ असा एकच शब्द टाकला गेला आणि पुढचे पंधरा दिवस तो तिथेच राहिला. नागपुरात पारा चाळिशीपार जाण्याआधी कूलर माळ्यावरून उतरवणे, जुन्या ताट्या (कूलरच्या बाजूंना लागणारे, पाण्याने भिजणारे गवताचे पडदे) काढून नव्या बसवणे आणि पंप पाणी ओढतो की नाही ते पाहणे, एवढे उरकावेच लागते. मला त्याचा विसर पडला होता असेही नाही. रोज सकाळी अकराला ॲप आठवण करून देत असे, मी कार्यालयात खुर्चीवर बसलेला असे, आणि बोटाने ती सूचना बाजूला सारत असे.

काल काय जेवलो हे आठवणे आणि घरी जाताना औषध घ्यायचे आहे हे ऐन वेळी आठवणे, या स्मृतीच्या दोन निराळ्या कामगिऱ्या आहेत. दुसरीला मानसशास्त्रात ‘प्रॉस्पेक्टिव्ह मेमरी’ म्हणतात. मराठीत तिला भविष्यलक्षी स्मृती म्हणता येईल. आइन्स्टाइन (हे मानसशास्त्रज्ञ गिल आइन्स्टाइन, सापेक्षतावादाचे नव्हेत) आणि मार्क मॅकडॅनियल यांनी 1990 मध्ये तिचे दोन प्रकार वेगळे काढले. औषधाचे दुकान दिसताच आठवणारे काम घटनेवर टेकलेले असते, तर चार वाजता फोन करण्याचे काम वेळेवर. बाहेरून खूण मिळत नसल्याने वेळेच्या कामात मनालाच मधूनमधून घड्याळाकडे पाहावे लागते, म्हणून ते बहुधा जास्त जड जाते. मोबाइलची घंटी नेमकी इथे उपयोगी पडते, कारण चार वाजणे ही एरवी न जाणवणारी गोष्ट ती कानावर पडणारी घटना करून टाकते. मात्र घंटी वाजते त्या जागी ते काम करता येत नसेल, तर त्या खुणेचा उपयोग शून्य. उलट रोज सूचना सारून टाकण्याची सवय तेवढी पक्की होते.

अर्धवट काम मनात घोळत राहते, या समजुतीमागे ब्लूमा झायगार्निक यांचे 1927 साली प्रसिद्ध झालेले बर्लिनमधील प्रयोग आहेत. मध्येच थांबवलेली कोडी आणि हस्तकामे लोकांना पूर्ण केलेल्या कामांपेक्षा अधिक आठवतात, असे त्यांना दिसले. नंतरच्या सर्वच प्रयोगांत हा परिणाम आढळला नाही, त्यामुळे त्याला नियम म्हणणे घाईचे ठरेल. मला अधिक मोलाचा वाटतो तो मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास. राहिलेल्या कामाचे विचार वाचन करताना मध्ये मध्ये डोके वर काढत होते. पण ज्यांना ते काम कसे करणार याची नेमकी आखणी करायला लावली होती, त्यांच्या बाबतीत हा व्यत्यय ओसरला, आणि तोही काम झालेले नसताना. म्हणजे मनाला काम संपण्याइतकीच त्याची नीट सोय लागणे पुरते. माझ्या ‘कूलर’ने अशी कोणतीही सोय लावली नव्हती.

पीटर गोल्विट्झर यांनी ‘असे झाले की मी तसे करीन’ या साच्यातल्या संकल्पांचा बराच अभ्यास केला आहे. त्या साच्यात माझी नोंद अशी झाली: ‘शनिवारी बर्डीला उतरलो की आधी इतवारीत जाऊन ताट्या घेणे, माप दाराच्या मागे लिहिले आहे.’ (बर्डी म्हणजे सीताबर्डी, आणि इतवारी ही नागपुरातली बाजारपेठ.) हल्लीच्या ॲपमध्ये नोंदीला वेळेऐवजी जागाही जोडता येते. नकाशावर त्या जागेभोवती एक अदृश्य वर्तुळ आखले जाते आणि उपग्रह, मोबाइलचे मनोरे व आसपासचे वायफाय यांच्या आधारे फोन त्यात शिरला की सूचना येते. बॅटरी वाचवण्यासाठी फोन आपले ठिकाण सतत तपासत नाही, त्यामुळे लहान वर्तुळात सूचना उशिरा येऊ शकते. शिवाय सीताबर्डीला मेट्रोच्या दोन मार्गिका मिळतात. तिथे केवळ गाडी बदलणाऱ्यालाही फोन खरेदीची आठवण देऊ शकतो. त्यापेक्षा वर्तुळ थेट इतवारीतल्या दुकानाभोवती आखलेले बरे.

नोंद केव्हा करावी याबद्दलही एक लहानसा प्रयोग आहे. मायकेल स्कलिन यांच्या चमूने 2018 मध्ये 57 तरुणांना प्रयोगशाळेत झोपण्यापूर्वी पाच मिनिटे लिहायला बसवले. पुढच्या काही दिवसांतली कामे लिहिणारे, उरकलेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटे आधी झोपले. आणि यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर लागली. हे लेखन कागदावरचे होते, हे ध्यानात ठेवून मी मोबाइलवरची यादी अंथरुणावर पडण्याआधीच संपवतो.

ॲपला दुरुस्त करता न येणारी एक गोष्ट उरते, ती म्हणजे आपला अंदाज. 1994 च्या एका अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी 34 दिवसांत होईल असे सांगितले होते. प्रत्यक्षात सुमारे 55 लागले. मीही शनिवारच्या नोंदीपुढे ‘अर्धा तास’ लिहिले होते. ताट्या मिळाल्या, पण पंपाचा पाइप फाटलेला निघाला, आणि रविवारच्या यादीत सकाळी दहाच्या खाली आणखी एक ओळ टाकावी लागली.